सर्व्हिस झाली, सॉफ्टवेअर बदललं. आता एमआरआयची इमेज पूर्वीसारखी येतेय का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे पीएम, म्हणजे वेळापत्रकातली देखभाल, असली की संध्याकाळी एक ठरलेला प्रसंग घडतो. इंजिनिअर कव्हरचे शेवटचे स्क्रू लावून सर्व्हिस रिपोर्ट सहीसाठी पुढे करतो, आणि बाहेर दुपारपासून थांबलेले पेशंटचे नातेवाईक 'झालं का हो मशीन?' म्हणत दारातून डोकावतात. अशा वेळी आधी सही करायची की आधी फँटम (तपासणीसाठी पेशंटच्या जागी ठेवायची द्रव भरलेली वस्तू) ठेवायचा, हे नवीन टेक्नॉलॉजिस्ट मला दर वेळी विचारतात. त्या प्रश्नाच्या आगेमागे येणारे बाकीचे प्रश्नही इथे घेतले आहेत. मी कन्सोलवर बसणाऱ्याच्या बाजूने लिहितोय, कंपनीच्या नाही, हे आधीच सांगतो.

इंजिनिअरच्या सगळ्या टेस्ट पास आल्या. मग आपण पुन्हा कशाला तपासायचं?

इंजिनिअरची टेस्ट एवढंच पाहते की मशीन कंपनीने आखलेल्या मर्यादेत आहे का. ती मर्यादा बरीच ऐसपैस असते. समजा तुमच्या हेड कॉइलचा (डोक्याभोवतीच्या अँटेनाचा) एसएनआर, म्हणजे नॉइजच्या तुलनेत सिग्नल, वर्षभर 124 च्या आसपास येतोय आणि कंपनीची किमान मर्यादा 90 आहे. सर्व्हिसनंतर तो 101 आला, तर रिपोर्टवर 'पास' असंच छापून येईल. तुमच्या हिशेबाने मात्र जवळपास पाचवा हिस्सा सिग्नल गेला. रेडिऑलॉजिस्ट मॅडम सहा महिन्यांपूर्वीच्या स्कॅनशेजारी आजचा स्कॅन लावून एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिसच्या) पेशंटचे लिजन, म्हणजे आजाराचे डाग, मोजतात, तेव्हा त्यांना कंपनीच्या मर्यादेशी काही देणंघेणं नसतं. तुलना कालच्या मशीनशी आजच्या मशीनची व्हायला हवी, आणि ती करणारं आपल्याशिवाय दुसरं कोणी नाही.

काम सुरू होण्याआधीचा फँटम स्कॅन खरंच लागतो का?

माझं मत विचाराल तर या पानावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. सकाळी इंजिनिअर टूलबॉक्स उघडायच्या आत त्याच फँटमचा, त्याच कॉइलवर, त्याच प्रोटोकॉलने स्कॅन घ्या. आठवड्याचा जुना रेकॉर्ड असला तरी घ्या.

एकदा आम्ही हा कंटाळा केला. ग्रेडिएंट अॅम्प्लिफायरचं काम झालं, संध्याकाळी घोस्टिंग (इमेजची भुतासारखी फिकी नक्कल) वाढलेलं दिसलं, आणि 'हे आधीपासूनच होतं' असं इंजिनिअर म्हणाला. असेलही, नसेलही, आमच्या हातात पुरावा नव्हता. तीन दिवस मेल इकडून तिकडे फिरत राहिले आणि पेशंट मात्र त्याच मशीनवर झाले. आता आमच्याकडे 'आधी' आणि 'नंतर' अशा दोन नावांनी स्टडी सेव्ह केल्याशिवाय सर्व्हिस रिपोर्टवर सही होत नाही.

मशीन बंद पडलं म्हणूनच इंजिनिअर आला असेल, तर 'आधी'चा स्कॅन कुठून आणणार? तेव्हा शेवटचा चांगला साप्ताहिक स्कॅन हाच आधार. साप्ताहिक क्यूसी (क्वालिटी कंट्रोल) चुकवायचा नाही तो यासाठी.

फँटम कोणता वापरायचा? आमच्याकडे एसीआरचा नाही.

अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीचा, म्हणजे एसीआरचा मोठा फँटम असेल तर उत्तम. आतून 148 मिमी लांब आणि 190 मिमी व्यासाचा हा अॅक्रिलिकचा सिलिंडर निकेल क्लोराइड आणि मिठाच्या द्रावणाने भरलेला असतो. 11 स्लाइस, प्रत्येक 5 मिमीची, मध्ये 5 मिमी गॅप. दिशादर्शक लोकलायझर आणि एकाच टी1 सीरिजमधून लांबी-रुंदी, रिझोल्युशन, स्लाइसची जाडी, स्लाइसची जागा, एकसारखेपणा, घोस्टिंग आणि लो कॉन्ट्रास्ट अशा सात गोष्टी मिळतात.

तो नसेल तर मशीनबरोबर आलेली बाटली किंवा गोळा चालतो, फक्त दर वेळी तोच घ्या. कंपनीने दोन सारख्या बाटल्या दिल्या असतील तर एकीवर मार्करने 'क्यूसी' लिहून टाका; दुसरी हळूच तिच्या जागी येते, हे मी पाहिलेलं आहे. नळाचं पाणी कॅनमध्ये भरून ठेवण्याच्या फंदात पडू नका. साध्या पाण्याचा टी1 (सिग्नल सावरायला लागणारा वेळ) काही सेकंदांचा असतो, त्यामुळे छोट्या टीआरला (दोन पल्समधल्या वेळाला) सिग्नल धड सावरत नाही. वर 3 टेस्लावर पाण्यात आरएफची (रेडिओ लहरींची) तरंगलांबी साधारण 26 सेमी होते, म्हणजे फँटमच्याच मापाची, आणि बाटलीच्या मध्यभागी उगाच उजळ डाग दिसतो. त्यात मशीनचा दोष काहीच नसतो. 3 टेस्लाच्या मोठ्या बॉडी फँटममध्ये तेल भरतात ते याचसाठी.

फँटम ठेवण्यात काय चुकतं?

जवळजवळ सगळंच. 'फेल'पैकी बऱ्याच केस फँटम नीट ठेवून पुन्हा स्कॅन केला की मिटतात.

फँटमवर छोटी पाणसळ ठेवा. बुडबुडा मध्ये आला पाहिजे. कॉइलमध्ये तो डुगडुगत असेल तर खाली फोमचा ठरलेला तुकडा घाला आणि तो तुकडा फँटमच्याच पेटीत ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी तो सापडत नाही. लेझर फँटमवरच्या रेघेवर आणा आणि लँडमार्क घेताना डोळा सरळ रेषेत ठेवा. आमच्या हेड कॉइलच्या पाळण्यात आम्ही सर्जिकल टेपच्या दोन पट्ट्या चिकटवल्या आहेत, फँटम कायम त्यांच्या मध्ये बसतो. दिसायला गबाळं आहे, पण त्या दिवसापासून स्लाइसच्या जागेचा आकडा क्वचितच हलला.

आणखी एक. फँटम कपाटातून आणला, टेबलावर ठेवला आणि लगेच स्कॅन सुरू केला, असं करू नका. आतलं द्रव अजून फिरत असतं आणि डिफ्यूजनमध्ये (पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणाऱ्या स्कॅनमध्ये) त्याचा तमाशा होतो. दहा-पंधरा मिनिटं तो बोअरमध्ये (मशीनच्या बोगद्यात) शांत पडू द्या, तेवढ्यात कागदपत्रं लिहून होतात.

कोणत्या कामानंतर काय बघायचं? सगळं दर वेळी करणं शक्य नाही.

शक्य नाही, आणि गरजही नाही. कुठल्या भागाला हात लागला ते पाहून ठरवा.

ग्रेडिएंट कॉइल (इमेजमधली जागा ठरवणारी), अॅम्प्लिफायर किंवा त्याच्या केबलचं काम झालं असेल तर आधी मापं घ्या. लांबी सॅजिटल लोकलायझरवर 148 मिमी यायला हवी, आणि पहिल्या व पाचव्या स्लाइसवर व्यास 190 मिमी. एफओव्ही (इमेजमध्ये मावणारी रुंदी) 25 सेमी आणि मॅट्रिक्स (त्या रुंदीतले पिक्सेल) 256 असल्यावर एक पिक्सेल साधारण 0.98 मिमीचा होतो, म्हणजे 2 मिमीची चूक ही दोनच पिक्सेलची. मोजताना विंडो (इमेजचा उजेड-कॉन्ट्रास्ट) हलवली की कडही हलते, म्हणून विंडो दर वेळी एकाच पद्धतीने लावा. मापं डिस्टॉर्शन करेक्शन बंद करूनही एकदा घ्या. करेक्शन चालू असताना सॉफ्टवेअर ओढूनताणून गोल करून देतं आणि कॅलिब्रेशनची चूक झाकली जाते. एडी करंटचं (ग्रेडिएंट बदलताना धातूत उठणाऱ्या प्रवाहांचं) गणित बिघडलं असेल तर ते साध्या स्पिन एकोमध्ये दिसणार नाही. ईपीआयमध्ये (अतिवेगवान स्कॅनमध्ये) फेज एन्कोडिंगच्या दिशेला (इमेजच्या दोन दिशांपैकी एकीला) भूत दिसेल, किंवा डिफ्यूजनच्या वेगवेगळ्या दिशांच्या इमेज एकमेकींवर बसणार नाहीत.

आरएफ अॅम्प्लिफायर किंवा बॉडी कॉइल बदलली तर ट्रान्समिटरचा रेफरन्स व्होल्टेज किंवा गेन आधीइतकाच येतोय का ते पाहा. हा आकडा लोक लिहूनच ठेवत नाहीत. त्याबरोबर स्लाइसची जाडी. एसीआर फँटममध्ये एकमेकींना उलट्या दिशेने तिरक्या असलेल्या दोन पट्ट्या असतात. त्यांची लांबी मोजून गुणाकाराला बेरजेने भागायचं आणि 0.2 ने गुणायचं. 50 आणि 48 मिमी आल्या तर 4.9 मिमी, छान.

रिसीव्ह कॉइल दुरुस्त होऊन आली असेल तर एकत्र केलेल्या इमेजवर विसंबू नका. स्पाइन कॉइलचं एखादं एलिमेंट मेलेलं असलं तरी शेजारची एलिमेंट सांभाळून घेतात, आणि एकत्र इमेज 'जरा फिकी' वाटते एवढंच. प्रत्येक चॅनेलची वेगळी इमेज काढा. सोळापैकी एक काळी असेल तर डोळ्यांनाच दिसते, गणित लागत नाही.

मॅग्नेटचं फील्ड उतरवून पुन्हा चढवलं (रॅम्प केलं) असेल किंवा क्वेंच (हेलियम उडून फील्ड अचानक जाणं) झाला असेल, तर काहीही वगळायचं नाही. सेंटर फ्रिक्वेन्सी, शिम (फील्ड एकसारखं करणं), मापं, सगळं. प्रोटॉनची फ्रिक्वेन्सी दर टेस्लाला 42.58 मेगाहर्ट्झ, म्हणजे 1.5 टेस्लाला 1 पीपीएम (दहा लाखांत एक भाग) साधारण 64 हर्ट्झ आणि 3 टेस्लाला 128. फँटमच्या स्पेक्ट्रमची अर्ध्या उंचीवरची रुंदी 16 हर्ट्झ आली तर 1.5 टेस्लावर ती 0.25 पीपीएम होते. शिम बिघडल्याची पहिली तक्रार बहुतेक वेळा फॅट सॅट (चरबीचा सिग्नल दाबणं) न झालेल्या गुडघ्याच्या किंवा खांद्याच्या स्कॅनमधून येते, कारण पाणी आणि चरबी यांच्यात जेमतेम 3.5 पीपीएमचं अंतर आहे.

नुसतं कोल्ड हेड (मॅग्नेट थंड ठेवणारा भाग) बदललं आणि मॅग्नेट फील्डवरच राहिला, तर फ्रिक्वेन्सी आणि एक साधा फँटम स्कॅन बहुधा पुरतो. टेबलाची मोटर, लेझर यांचं काम झालं असेल तर स्लाइसची जागा बघा आणि पुढे चला.

पास-फेलच्या मर्यादा काय?

एसीआरच्या जुन्या आणि सगळ्यांच्या तोंडी बसलेल्या मर्यादा अशा: स्लाइसची जाडी 5 मिमीपासून 0.7 मिमीच्या आत; रिझोल्युशनची 1 मिमीची भोकं सुटी दिसायला हवीत; एकसारखेपणा 3 टेस्लाच्या खालच्या मशीनला 87.5 टक्के आणि 3 टेस्लाला 82 टक्के, घोस्टिंग 2.5 टक्क्यांपर्यंत. पुढच्या आवृत्त्यांमध्ये यातले काही आकडे सैल केले आहेत, तेव्हा तुमच्या विभागाने कोणती आवृत्ती धरली आहे ते फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. स्लाइसची जागा पाहताना एक गोष्ट लक्षात असू द्या: फँटममधल्या पाचरी 45 अंशांच्या आहेत, म्हणून दोन काळ्या पट्ट्यांत 5 मिमीचा फरक दिसला तर स्लाइस प्रत्यक्षात 2.5 मिमीच सरकलेली असते.

एकसारखेपणाचं गणित सोपं आहे. सगळ्यात उजळ छोट्या भागाची सरासरी 1180 आणि सगळ्यात काळपट भागाची 940 असेल, तर फरक 240, बेरीज 2120, भागाकार 0.113, म्हणजे 88.7 टक्के.

तरीही या मर्यादांकडे मी शेवटची भिंत म्हणून पाहतो. तुमचा आकडा 94 वरून 89 वर आला तर मर्यादेच्या आत असूनही काहीतरी झालेलं आहे.

एसएनआर कसा मोजावा? दर वेळी वेगळाच येतो.

हवेतला नॉइज मोजत असाल तर येणारच. फँटममधली सरासरी भागिले हवेतलं स्टँडर्ड डिव्हिएशन, गुणिले 0.655, हे सूत्र एका चॅनेलच्या कॉइलसाठी ठीक होतं. आताच्या अनेक चॅनेलच्या कॉइल, पॅरलल इमेजिंग (कमी ओळींत स्कॅन उरकण्याची पद्धत) आणि हवा काळी करून टाकणारे फिल्टर यांच्यापुढे ते चालत नाही. दोन इमेजची पद्धत वापरा: तोच स्कॅन काहीही न हलवता लागोपाठ दोनदा घ्या, एकीतून दुसरी वजा करा, आणि वजाबाकीत त्याच जागेचं स्टँडर्ड डिव्हिएशन काढा. सिग्नलच्या सरासरीला 1.41 ने गुणून त्याने भागा. सिग्नल 1240 आणि वजाबाकीचं डिव्हिएशन 14.2 असेल तर एसएनआर 123 च्या आसपास. पॅरलल इमेजिंग आणि सगळे फिल्टर बंद असलेला 'क्यूसी' नावाचा वेगळा प्रोटोकॉल करून त्याला कोणी हात लावणार नाही अशा जागी ठेवा.

सॉफ्टवेअर अपग्रेडमध्ये एकही स्क्रू हलत नाही. मग इमेज कशी बदलेल?

हार्डवेअर बिघडलं की मशीन ओरडतं. सॉफ्टवेअर गुपचूप बदलतं. मला अपग्रेडची जास्त धास्ती वाटते ती म्हणूनच.

एका अपग्रेडनंतर आमचा एकसारखेपणा 88 वरून थेट 96 वर गेला. सगळे खूश, इंजिनिअर तर फारच. दोन दिवसांनी लक्षात आलं की नव्या आवृत्तीत इंटेन्सिटी नॉर्मलायझेशन (उजेड सगळीकडे सारखा करणारा फिल्टर) आपोआप चालू झालं होतं, आणि आमचा क्यूसी प्रोटोकॉलही नव्या डिफॉल्टवर गेला होता. कॉइल तीच, मशीन तेच, फक्त रंगरंगोटी झाली होती. तो फिल्टर बंद केल्यावर आकडा 88 वर परत आला. आकडा अचानक सुधारला तरी तो बिघडल्याइतकाच संशयाने बघावा, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आलोय.

अपग्रेडच्या आदल्या दिवशी सगळ्या प्रोटोकॉलची यादी फाइलमध्ये एक्स्पोर्ट करून घ्या. नंतर पुन्हा एक्स्पोर्ट करून ओळीला ओळ लावा: टीआर, टीई, बँडविड्थ, मॅट्रिक्स, इंटरपोलेशन, फिल्टर, डिस्टॉर्शन करेक्शन, पॅरलल फॅक्टर. एसएआरचा (पेशंटच्या शरीरात शोषल्या जाणाऱ्या आरएफ ऊर्जेचा) हिशेब नव्या आवृत्तीत बदलला असेल तर मशीन टीआर वाढवायला किंवा फ्लिप अँगल कमी करायला सुचवतं. घाईत 'ओके' दाबलं की टी1चा कॉन्ट्रास्ट बदलून बसतो. कंटाळवाणं काम आहे खरं, पण चहा घेऊन दोघे बसलात तर एका दुपारी उरकतं.

डीप लर्निंग रिकन्स्ट्रक्शन (एआयने इमेज बनवणं) आलंय. त्याचा एसएनआर भरपूर येतो, मग छानच की?

नॉइज पुसून टाकणं हेच ज्याचं काम, त्याचा नॉइज मोजून काय कळणार? अशा इमेजवर स्टँडर्ड डिव्हिएशन नेहमीच सुंदर येतं. तिथे लो कॉन्ट्रास्टच्या चकत्या मोजा. एसीआर फँटमच्या आठव्या ते अकराव्या स्लाइसमध्ये 1.4, 2.5, 3.6 आणि 5.1 टक्के कॉन्ट्रास्टच्या चकत्या चाकाच्या आऱ्यांसारख्या मांडलेल्या असतात, प्रत्येक स्लाइसमध्ये 10 आरे आणि आऱ्यात तीन-तीन चकत्या. मोठ्या चकत्या 7 मिमीच्या, शेवटच्या 1.5 मिमीच्या. जुन्या रिकन्स्ट्रक्शनमध्ये दिसणारा आरा नव्यात गुळगुळीत होऊन गायब झाला असेल, तर त्या एसएनआरचं लोणचं घालायचं का? मशीनची तब्येत पाहायची तर डीप लर्निंग बंद करून पाहा. रिकन्स्ट्रक्शन पाहायचं तर तोच रॉ डेटा दोन्ही पद्धतींनी बनवून शेजारी लावा. चकत्या शक्यतो एकाच माणसाने मोजाव्यात, दिवे मंद करून.

एडीसी (पाण्याच्या डिफ्यूजनचं मोजमाप) तपासायला खास फँटम लागतो का?

विकत मिळतो, पण बर्फही चालतो. रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या डब्यात चुरा केलेला बर्फ आणि थोडं पाणी, मध्ये डिस्टिल्ड पाण्याची घट्ट झाकणाची नळी. तासभर थांबलं की नळीतलं पाणी 0 अंशावर येतं आणि त्या तापमानाला त्याचा एडीसी 1.1 × 10⁻³ चौरस मिमी प्रति सेकंद असायला हवा. नुसती खोलीच्या तापमानाची बाटली घेतली तर 20 अंशांना तो साधारण 2.0 असतो आणि दर अंशामागे दोन-अडीच टक्क्यांनी हलतो. एसी कोणी कमीजास्त केला की तुमचा निकाल बदलला. डबा गळणार नाही याची खात्री करा आणि खाली दुपटं घाला, कॉइलमध्ये पाणी गेलं तर पुढचं काम दुरुस्तीचंच. अपग्रेडनंतर कधी संख्या 1.1 ऐवजी 1100 अशी दिसते. ते फक्त एकक आहे, पण प्रोस्टेटचा रिपोर्ट लिहिणाऱ्याला आधी सांगून ठेवा.

सर्व्हिसनंतर इमेजवर रेघा आल्या. काय असेल?

एका जागी स्थिर, ठिपक्याठिपक्यांची, झिपसारखी रेघ असेल तर बाहेरची फ्रिक्वेन्सी आत येतेय. दार पूर्ण लागलंय का, दाराच्या कडेच्या तांब्याच्या पट्ट्या वाकल्यात का, काम करताना आत आणलेलं एखादं उपकरण चालूच राहिलंय का, हे पाहा. दिवा बदलला असेल तर तोही. इलेक्ट्रिशियनने बसवलेल्या एका एलईडीपायी आम्ही अर्धा दिवस घालवलाय.

पूर्ण इमेजवर तिरपी, कापडाच्या विणीसारखी रेघोटी, कधी येते कधी नाही, तर ती स्पाइक: सैल स्क्रू, सैल जोड किंवा कोरड्या हवेतली स्थिर वीज. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीची आर्द्रता किती उतरते ते तिथल्या टेक्नॉलॉजिस्टना सांगायला नको. कव्हर उघडून लावलेल्या दिवशी स्पाइक दिसले तर आधी स्क्रूंवर संशय घ्या.

डावं-उजवं तपासायला हवं का? हे जरा अतिच वाटतं.

अति नाही. फँटमच्या उजव्या बाजूला व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल चिकटवा, अॅक्सियल, कोरोनल, सॅजिटल घ्या, आणि कॅप्सूल कुठे दिसते ते कन्सोलवर नव्हे तर पॅक्सवर (इमेज साठवणाऱ्या सिस्टिमवर) आणि रेडिऑलॉजिस्टच्या वर्कस्टेशनवर पाहा. दोन मिनिटांचं काम. त्याच वेळी डायकॉममध्ये (इमेज फाइलच्या नोंदींत) स्लाइसची जाडी, कॉइलचं नाव, सीरिजचा क्रम नीट जातोय का तेही दिसतं.

हे सगळं कायद्याने बंधनकारक आहे का? एईआरबीचं (अणुऊर्जा नियामक मंडळाचं) काय?

एमआरआयमध्ये आयनीकरण करणारा किरणोत्सर्ग नसल्याने सीटी, एक्स-रेसारखा तो एईआरबीच्या परवान्यात येत नाही. त्यामुळे दाराशी येऊन क्यूसी मागणारं कोणी नसतं, आणि बऱ्याच ठिकाणी तो होतच नाही. एनएबीएचची (रुग्णालयांच्या दर्जाची) मान्यता असेल तर इमेजिंगच्या गुणवत्तेचा कार्यक्रम आणि त्याचे रेकॉर्ड दाखवावे लागतात.

वेळ किती जातो? बाहेर पेशंट असतात.

लोकलायझर आणि टी1 सीरिज: टीआर 500, 256 ओळी, म्हणजे 2 मिनिटं 8 सेकंद. टीआर 2000 ची टी2 सीरिज 8 मिनिटं 32 सेकंद. फँटम मांडणं आणि मोजणं धरून पाऊण तास. पीएमची वेळ ठरवतानाच शेवटचा तास 'क्यूसी' म्हणून अपॉइंटमेंटच्या वहीत लिहून टाका. त्या तासात पेशंट दिलेलाच नसला की कोणी दारातून डोकावत नाही.

फेल आलं आणि इंजिनिअर निघायच्या तयारीत आहे. आता?

आधी फँटम काढून नीट ठेवा आणि पुन्हा एकदा स्कॅन करा. तरी फेल, तर दुसऱ्या कॉइलवर तेच करा: दोष कॉइलचा की मशीनचा, ते पाच मिनिटांत कळतं. मग इंजिनिअरला 'आधी' आणि 'नंतर'ची इमेज एकाच विंडो लेव्हलवर शेजारीशेजारी दाखवा. 'इमेज चांगली नाही' असं म्हणू नका. 'घोस्टिंग 0.6 वरून 2.1 टक्के झालं, फेज एन्कोडिंगच्या दिशेला, फक्त ईपीआयमध्ये' असं म्हणा. असं बोललं की इंजिनिअर बॅग खाली ठेवतो.

लगेच सुटणारं नसेल तर मशीन पूर्ण बंद ठेवायचं की काही स्कॅन चालू द्यायचे, हे फिजिसिस्ट आणि रेडिऑलॉजिस्टनी ठरवायचं. हेड कॉइल गेली असेल तर गुडघे होऊ शकतात. डिफ्यूजन बिघडलं असेल तर स्ट्रोकचा पेशंट त्या मशीनवर घ्यायचा नाही, हे कॅज्युअल्टीला फोन करून सांगायचं. कन्सोलवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा, कारण रात्रपाळीचा मुलगा फाइल उघडून बघत नाही. आणि सर्व्हिस रिपोर्टवर सही करावीच लागली, तर सहीच्या वर आपल्या अक्षरात लिहा: 'घोस्टिंगची तक्रार उघडी आहे', तारीख, वेळ.